पक्ष्यांचे पूर्वज शोधणारा हक्सले

लंडन शहराच्या पश्चिमेस ईलिंग नावाचे एक लहानसे गाव होते. आज ते त्या महानगरातच सामावून गेले आहे. या गावी, एका खाटकाच्या दुकानावरील माडीत राहणाऱ्या शिक्षकाच्या घरी, ४ मे १८२५ रोजी थॉमस हेन्री हक्सले याचा जन्म झाला. वडील गावातल्याच शाळेत गणित शिकवीत. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. थॉमस आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याला त्याच शाळेत घालण्यात आले. परंतु पुढे शाळेची स्थिती खालावली, कुटुंबाला दुसऱ्या गावी जावे लागले आणि दहाव्या वर्षीच मुलाची शाळा सुटली. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांच्या सर्वश्रेष्ठ संस्थेचा जो पुढे अध्यक्ष झाला, त्याच्या वाट्याला बालपणी अवघी दोन वर्षे शाळा आली होती!

शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. पहाटे अंधारातच उठावे, मेणबत्ती लावावी, अंगाभोवती घोंगडी लपेटून भूगर्भशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ वाचीत बसावे, असा या बारा वर्षांच्या मुलाचा क्रम होता. जर्मन भाषाही तो स्वतःच्या प्रयत्नाने शिकला. त्याला खरे म्हणजे व्हायचे होते यंत्रज्ञ. कोणता भाग कशाला जोडलेला आहे, कोणत्या भागामुळे कोणता भाग हलतो, याचे त्याला विलक्षण कुतूहल असे. ही आवड त्याने पुढेही सोडली नाही. फक्त तिचा विषय बदलला. प्राण्यांची शरीरे ही त्याला निसर्गाने जुळविलेली यंत्रेच वाटत आणि प्रत्येक हाड त्या यंत्रात काय काम करते हे तो जन्मभर शोधीत राहिला.

त्याच्या दोन बहिणींचे विवाह डॉक्टरांशी झाले होते. त्या काळी वैद्यक शिकू इच्छिणारा मुलगा प्रथम एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करीत असे. थॉमसनेही तशी उमेदवारी केली. लंडनच्या गोदीजवळील दरिद्री वस्तीत औषधे वाटताना त्याने उपासमार जवळून पाहिली. पुष्कळ रोग्यांना औषधापेक्षा पोटभर अन्नाचीच अधिक गरज होती. ते दृश्य तो कधीच विसरला नाही. १८४२ साली त्याला एका रुग्णालयाच्या विद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. तेथे शिकत असतानाच त्याने केसाच्या मुळाभोवतीचा, तोवर कोणाच्या ध्यानी न आलेला एक सूक्ष्म थर शोधून काढला. त्या थराला आजही त्याचेच नाव आहे.

पुढे कर्ज फेडण्यासाठी नोकरी करणे प्राप्त होते. हक्सले आरमारात दाखल झाला आणि डिसेंबर १८४६ मध्ये 'रॅटलस्नेक' नावाच्या जुन्या जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून निघाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या भोवतालच्या सागराचे नकाशे तयार करणे हे त्या जहाजाचे काम होते. रोग्यांची देखभाल आटोपली की हक्सले जाळे टाकून समुद्रातील जेलीफिशसारखे मऊ, पारदर्शक जीव वर काढी आणि डोलणाऱ्या जहाजात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चिरफाड करी. असे जीव काढल्यावर थोड्याच वेळात विरून जातात, म्हणून ते काम तेथेच आणि तेव्हाच करावे लागे. आपले निबंध तो इंग्लंडला पाठवी. पण उत्तर येत नसे. चार वर्षांनी, १८५० साली, तो परतला तेव्हा त्याला कळले की त्याचा निबंध रॉयल सोसायटीने छापलाही होता! पुढल्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो त्या संस्थेचा सभासद झाला. १८५२ मध्ये तिचे पदक त्याला लाभले.

परंतु पदकाने पोट भरत नाही. सिडनी येथे हेन्रिएटा हीथॉर्न या तरुणीशी त्याचा विवाह ठरला होता आणि संसार मांडण्यापुरती मिळकत होईपर्यंत दोघांना आठ वर्षे वाट पाहावी लागली. १८५४ मध्ये लंडनच्या खनिविद्यालयात त्याला अध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा कोठे १८५५ साली त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षापासून हक्सलेने दिवसभर राबणाऱ्या कामगारांसाठी सायंकाळी व्याख्याने देण्यास प्रारंभ केला. खडूचा तुकडा, खेकडा, घोड्याचा पाय अशा साध्या वस्तूंवरून तो पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखवी. विद्वानांसमोर बोलताना जेवढी तयारी तो करी, तेवढीच या श्रोत्यांसाठीही करी.

१८५९ साली चार्ल्स डार्विनचा सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. सर्व सजीव पूर्वीच्या सजीवांपासून हळूहळू बदलत निर्माण झाले, असे डार्विनने त्यात सांगितले होते. त्यावर मोठे वादळ उठले. डार्विनची प्रकृती नाजूक आणि स्वभाव भिडस्त. त्याच्या बाजूने सभांतून उभा राहिला तो हक्सले. १८६० मध्ये ऑक्सफर्ड येथे एका बिशपशी झालेला त्याचा वादविवाद इतिहासात गाजला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्याचा चार वर्षांचा थोरला मुलगा नोएल तापाने दगावला. या दुःखातून सावरण्यास त्याला फार काळ लागला. कामातच त्याने आपले मन गुंतविले.

डार्विनच्या विरोधकांचा एक प्रश्न बिनतोड वाटे. प्राणी एकमेकांपासून उत्पन्न झाले असतील, तर त्यांच्यामधले दुवे कोठे आहेत? सरडा आणि चिमणी यांचेच उदाहरण घ्या. एकाच्या अंगावर खवले, दुसरीच्या अंगावर पिसे. एक उन्हात पडून शरीर तापवितो. दुसरीचे शरीर थंडीतही उबदार असते. या दोहोंत नाते असेल, असे कोणाला वाटणार?

नेमक्या त्याच सुमारास जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या दगडाच्या खाणीत एक आश्चर्य सापडले. तेथील चुनखडीचा दगड अतिशय बारीक पोताचा असून शिळाछापासाठी तो जगभर प्रसिद्ध होता. आपल्याकडील जुन्या पोथ्या ज्या शिळाप्रेसवर छापल्या जात, त्याच छपाईच्या कामाचा हा दगड. १८६१ मध्ये अशा एका शिळेत सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचा सांगाडा आणि त्याभोवती पिसांचे स्पष्ट ठसे दिसून आले. पिसे होती म्हणजे तो पक्षीच. परंतु त्याला सरड्यासारखे हाडांचे लांब शेपूट होते आणि पंखांच्या टोकांना नखे असलेली बोटे होती. त्याच्या जबड्यात दात होते, हेही पुढे उघड झाले. या प्राण्याला आर्किऑप्टेरिक्स असे नाव मिळाले. १८६२ साली ब्रिटिश संग्रहालयाने ती शिळा इतर जीवाश्मांसह ७०० पौंडांना विकत घेतली.

तिची तपासणी प्रथम केली रिचर्ड ओवेन याने. हा ओवेन काही सामान्य विद्वान नव्हता. १८३९ मध्ये न्यूझीलंडमधून आलेल्या हाडाच्या वीतभर तुकड्यावरून, तेथे शहामृगासारखा एक प्रचंड पक्षी राहत असला पाहिजे, असे त्याने सांगितले होते आणि ते खरे ठरले. तो पक्षी म्हणजे मोआ. त्याला पंखाचे एक हाडसुद्धा नव्हते. न्यूझीलंडमध्ये मनुष्यवस्ती झाल्यावर शिकारीमुळे सुमारे दोनशे वर्षांत मोआ नामशेष झाला. ओवेनच्या हाती उरली ती हाडेच. 'डायनोसॉर' हा शब्दही १८४२ मध्ये ओवेननेच घडविला. त्याचा अर्थ भयंकर सरडा. मात्र डायनोसॉर हे हत्तीसारखे, चार खांबांवर उभे असलेले अवजड प्राणी होते, अशी ओवेनची कल्पना होती. तो डार्विनच्या विचारांचा विरोधक होता आणि हक्सलेशी त्याचे मुळीच पटत नसे.

१८६७ साली हक्सले ऑक्सफर्डचे संग्रहालय पाहण्यास गेला. तेथे मेगॅलोसॉरस नावाच्या मांसाहारी डायनोसॉरची हाडे होती. संग्रहालयाचे प्रमुख फिलिप्स यांच्यासह ती पाहताना, जे हाड आजवर खांद्याचे समजले जात होते ते वस्तुतः कमरेचे आहे, हे स्पष्ट झाले. एक हाड आपल्या जागी गेले आणि सारा प्राणीच पालटला! पुढचे पाय आखूड, मागचे लांब आणि बळकट, कमरेची हाडे पक्ष्यासारखी. हा प्राणी हत्तीसारखा चालत नसून मागच्या दोन पायांवर उभा राहत असला पाहिजे.

कोंबडीचा पाय तुम्ही कधी निरखून पाहिला आहे काय? त्याच्यावर खवले असतात. तीन बोटे पुढे आणि एक मागे. मधोमध जो सांधा मागे वाकलेला दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. पण तो तिचा घोटा होय. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. म्हणजे कोंबडी सदैव चवड्यांवर चालते. डायनोसॉरचा पायही असाच होता. हक्सलेने शहामृगाचे पाय, कोंबडीचे पाय, मगरीचे पाय आणि डायनोसॉरचे पाय शेजारी शेजारी ठेवून त्यांतील एकेक हाड ताडून पाहिले. मगर दूर राहिली. पक्षी आणि डायनोसॉर जवळ आले. अंड्यात अर्धवट वाढलेल्या पिलाचे पाय त्याने मुद्दाम तपासले. मोठ्या कोंबडीत एकजीव होणारी काही हाडे पिलात सुटी असतात. अशा पिलाचा मागचा अर्धा भाग एकाएकी प्रचंड करून दगडात बदलता आला, तर त्याला डायनोसॉर म्हणण्यास कोणाही तज्ज्ञाला अडचण पडणार नाही, असे त्याने आपल्या निबंधात मांडले.

बव्हेरियाच्या त्याच चुनखडीत कॉम्प्सोग्नाथस नावाचा एक छोटासा डायनोसॉर सापडलेला होता. आकाराने तो कोंबडीएवढा, मान लांब, चाल दोन पायांवर. आर्किऑप्टेरिक्स हा सरड्याकडे झुकलेला पक्षी, तर कॉम्प्सोग्नाथस हा पक्ष्याकडे झुकलेला सरपटणारा प्राणी. फेब्रुवारी १८६८ मध्ये लंडन येथील व्याख्यानात हक्सलेने या दोहोंना दोन काठांवरून एकमेकांकडे आलेल्या प्राण्यांप्रमाणे श्रोत्यांपुढे ठेवले. अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील खडकांवर तीन बोटांच्या पावलांचे ठसे पूर्वीच मिळाले होते आणि ते राक्षसी पक्ष्यांचे मानले जात. ते डायनोसॉरचे असू शकतील, हेही त्याने निदर्शनास आणले. त्याच वर्षी आर्किऑप्टेरिक्सच्या शिळेची स्वतः तपासणी करून, ओवेनने त्या प्राण्याचा डावा पाय उजवा मानला आहे, हेही त्याने जाहीरपणे दाखवून दिले. दोघांतील कटुता त्यामुळे वाढली हे सांगावयास नको. हक्सलेची जीभ फार तिखट होती आणि ती आवरणे त्याला नेहमीच साधले असे नाही.

याच काळात त्याने जगातील सर्व पक्ष्यांची वर्गवारी टाळूच्या हाडांवरून नव्याने केली. त्या कामात एका विचित्र पक्ष्याने त्याला विशेष आकर्षित केले. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या काठी होॲट्झिन नावाचा पक्षी राहतो. डोक्यावर ताठ तुरा, चेहरा निळा, डोळे लाल. तो मुख्यतः पाने खातो आणि गाईच्या पोटात चारा आंबतो तशी ती त्याच्या गळ्यातील मोठ्या पिशवीत आंबतात. त्यामुळे त्याच्या अंगाला शेणासारखा दर्प येतो. त्याच्या पिलाच्या प्रत्येक पंखाला दोन नखे असतात. शत्रू आला की पिलू घरट्यातून सरळ पाण्यात उडी घेते, पोहत काठाला येते आणि पंखांच्या नखांनी फांद्या पकडीत पुन्हा घरट्यापर्यंत चढते. मोठेपणी ही नखे नाहीशी होतात. हा पक्षी कोणत्याच कुळात बसेना, म्हणून हक्सलेने १८६८ मध्ये त्याच्यासाठी एक स्वतंत्र गट केला. त्याचे नेमके नाते कोणाशी, यावर पक्षिशास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात.

हक्सलेचे मत सर्वांना पटले असे मात्र नाही. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यांचे पाय सारखे होणारच. त्यावरून नाते कसे ठरवावे, असा आक्षेप सीली नावाच्या विद्वानाने घेतला. आक्षेप विचार करण्याजोगा होता. १८७६ मध्ये हक्सले अमेरिकेस गेला तेव्हा येल विद्यापीठात दात असलेल्या प्राचीन पक्ष्यांचे सांगाडे त्याने पाहिले आणि त्याला अधिक बळ आले. परंतु तोवर त्याच्यावर इतर कामांचा भार पडला होता. १८७० मध्ये लंडनच्या शिक्षणमंडळावर तो निवडून आला. गरिबांच्या मुलांना वाचन आणि हिशेब यांबरोबरच विज्ञान, चित्रकला आणि संगीतही शिकविले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. १८८३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

त्याच १८८३ साली लंडनमध्ये मत्स्योद्योगाचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. हक्सले तेव्हा सरकारचा मत्स्यनिरीक्षक होता. नदीतील सामन मासे आणि कालवांचे थर माणसाच्या हावरेपणाने संपू शकतात, हे त्याला मान्य होते. परंतु खोल समुद्रातील कॉड, हेरिंग यांसारखे मासे माणसाने कितीही पकडले तरी संपणार नाहीत, असे त्याने तेथे प्रतिपादन केले. एक कॉड मादी लाखो अंडी घालते आणि इतर मासे जेवढे मासे खातात, त्याच्या मानाने कोळ्यांच्या जाळ्यात येणारे अगदीच थोडे, असा त्याचा हिशेब होता. शिडाच्या होड्यांपुरता तो हिशेब कदाचित बरोबर असेल. परंतु वाफेवर चालणाऱ्या बोटी तेव्हाच समुद्रात उतरू लागल्या होत्या. पुढे बोटी मोठ्या झाल्या, जाळी मोठी झाली आणि १९९२ साली कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉडची मासेमारी बंद करावी लागली. हजारो कोळी एका दिवसात बेकार झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसे झालेले प्राणी ज्याला हाडांवरून ओळखता येत, त्याला डोळ्यांसमोरचे प्राणी नाहीसे होऊ शकतील, हे दिसले नाही.

प्रकृती ढासळल्यामुळे १८८५ मध्ये हक्सलेने नोकरी सोडली. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने समुद्रकाठच्या ईस्टबोर्न गावी बागकामात घालविली. २९ जून १८९५ रोजी तो मरण पावला. पस्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या लहानग्या नोएलच्या शेजारी त्याचे दफन करण्यात आले.

पक्ष्यांविषयीचे त्याचे मत त्यानंतर बराच काळ बाजूस पडले. डेन्मार्कच्या हाइलमान या चित्रकार-अभ्यासकाने १९२६ मध्ये असे दाखविले की, पक्ष्यांना गळ्याशी जुळलेली हाडे असतात आणि डायनोसॉरमध्ये ती आढळत नाहीत. गमावलेले हाड पुन्हा कोठून येणार? बहुतेकांना हे पटले. वस्तुतः ते हाड डायनोसॉरमध्ये होते. फक्त नाजूक असल्याने ते सापडले किंवा ओळखले गेले नव्हते. १९६४ साली अमेरिकेच्या मोंटाना राज्यात जॉन ऑस्ट्रॉम याला डायनोनिकस नावाचा चपळ डायनोसॉर सापडला. त्याचे मनगट आर्किऑप्टेरिक्सच्या मनगटाशी हुबेहूब जुळले आणि हक्सलेचा विचार शंभर वर्षांनी पुन्हा उभा राहिला. १९९६ मध्ये तर चीनच्या ल्याओनिंग प्रांतात मऊ पिसांसारखे आवरण असलेला लहान डायनोसॉर उजेडात आला. आज शास्त्रज्ञ पक्ष्यांना डायनोसॉरचे केवळ वंशज म्हणत नाहीत, तर डायनोसॉरचीच जिवंत राहिलेली शाखा मानतात.

आजोबा वारले तेव्हा ज्युलियन हक्सले हा त्याचा नातू आठ वर्षांचा होता. पुढे तोही प्राणिशास्त्रज्ञ झाला. १९१२ च्या वसंतात लंडनच्या वायव्येस असलेल्या ट्रिंगच्या जलाशयावर तो दिवसचे दिवस दुर्बीण घेऊन बसला. तुरेवाल्या मोठ्या पाणडुबीचे निरीक्षण करावयाचे होते. आपल्या तळ्यांत बुड्या मारणाऱ्या टिबुकलीची ही जणू थोरली बहीण. हिवाळ्यात ती भारतातील मोठ्या जलाशयांवरही येते. ती स्वतःचीच पिसे खाते आणि पिलांनाही भरविते. नर आणि मादी समोरासमोर येऊन माना डोलवितात, चोचीत पाणवनस्पती घेऊन छातीला छाती भिडवून पाण्यावर ताठ उभी राहतात. या नृत्याचे ज्युलियनने १९१४ मध्ये केलेले वर्णन प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात आधारभूत ठरले. परंतु हा पक्षी इंग्लंडमध्ये त्याला पाहावयास मिळाला हेच नवल. आजोबांच्या तरुणपणी स्त्रियांच्या टोप्या सजविण्यासाठी या पाणडुबीच्या मऊ पिसांची एवढी मागणी होती की, इंग्लंडमध्ये तिच्या अगदी थोड्या जोड्या उरल्या होत्या. १८६९ ते १८८० या काळात ब्रिटिश संसदेने पक्षिरक्षणाचे कायदे केले. १८८९ मध्ये काही स्त्रियांनीच पुढाकार घेऊन, पिसांच्या टोप्या वापरणार नाही असा निर्धार केलेल्या सभासदांची संस्था काढली. पाणडुबी हळूहळू परतली.

१९६० मध्ये ज्युलियन हक्सले पूर्व आफ्रिकेतील वन्य प्राण्यांची पाहणी करून आला आणि शिकार अशीच चालू राहिली तर तेथील प्राणी लवकरच नाहीसे होतील, असे त्याने वृत्तपत्रातून लिहिले. त्यातून १९६१ साली पांडाचे चित्र मिरविणारा जागतिक वन्यजीव निधी स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत ज्युलियन होता. त्याने ज्या जलाशयावर पाणडुब्या पाहिल्या, तेथे त्या अजूनही घरटी करतात आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेली पिले पाठीवर घेऊन पोहताना दिसतात.